आत्याबाईंना मी आवडतो

सोमवार, २ मार्च
आजपासून रोजनिशी. सरकारी शेल्टरमधल्या जनावरांच्या डॉक्टरची दखल कुणी घेत नाही, तर निदान त्याने स्वतः तरी घ्यावी.

सकाळी एका जाड्या कुत्र्याच्या शेपटीखालच्या ग्रंथी पिळल्या. त्यातून जे निघतं ते कापसात पडावं अशी अपेक्षा असते. पडलं माझ्या बाहीवर. शी! तीनदा धुतली, वास हलायला तयार नाही. बसमध्ये शेजारच्या बाईंनी उठून उभं राहणं पसंत केलं. चला, ऐसपैस बसायला मिळालं.

निश्चय: ट्रीटमेंट रूममध्ये चहा बंद. कुठल्याही जनावरात जीव गुंतवायचा नाही. आणि घरी कुत्रा आणायचा नाही म्हणजे नाही. लेक कधीची मागे लागलीय. पण जनावरांच्या डॉक्टरने घरी कुत्रा आणणं म्हणजे ड्रायव्हरने रविवारी बस घरी आणण्यासारखं आहे.

मंगळवार, ३ मार्च
ट्रीटमेंट रूममध्ये चहा घेतला. नाइलाज होता, बाहेर ऊन होतं.

बोक्याच्या गालावरचं गळू फोडायचं होतं. मी ब्लेड उचलायच्या आत त्याने मान झटकली आणि ते आपोआप फुटलं. बरंचसं कपात. कप साहेबांचा निघाला. साहेब म्हणजे शेल्टरचे सुपरिंटेंडेंट. दिवसभर पंख्याखाली बसून दाढेतलं काहीतरी कोरत असतात, आणि निघालं की ते निरखून बघतात. अशा माणसाला कपाची एवढी किळस यावी याचं आश्चर्य वाटलं.

एक समाधान मात्र आहे. मी पिंजऱ्यांच्या रांगेत शिरलो की सगळी कुत्री एकदम चिडीचूप. पार मागच्या भिंतीला चिकटून उभी राहतात. याला म्हणतात दरारा, आणि त्यात प्रेमही आहे. पिंजरे धुणारा, त्यांना खाऊ घालणारा दादा आत गेला की हीच कुत्री नुसता धिंगाणा घालतात, त्याचं तोंड चाटतात. त्या तोंडाने तो नंतर माझ्याशी बोलतो. बिचाऱ्याला जरब म्हणून बसवता आली नाही.

गुरुवार, ५ मार्च
गाडीतून एक म्हातारी कुत्री आणली. तपकिरी, एक कान फाटका, मानेवर जखम आणि जखमेत अळ्या. तासभर चिमट्याने एकेक अळी काढत होतो. डबा उघडला तर नेमका भात. तसाच परत.

नाव ठेवलं आत्याबाई. आमची थोरली आत्या माझं प्रगतिपुस्तक हातात घेऊन जशी बघायची, तशीच नजर. नाव ठेवलं म्हणजे जीव गुंतला असं नव्हे. ओळखायला सोपं पडतं.

इंजेक्शन दिलं. माझी एक खास पद्धत आहे. सुई टोचायच्या आधी अगदी मायेने म्हणायचं, "काही नाही, काही नाही." जनावराला धीर येतो. हे कॉलेजात शिकवत नाहीत, उपजतच असावं लागतं. आत्याबाईंनी दात दाखवले. अशक्तपणामुळे असणार.

शनिवार, ७ मार्च
आत्याबाईंना रोज ड्रेसिंग, रोज सुई, रोज मायेचे दोन शब्द. मी दिसलो की त्या भिंतीकडे तोंड करून बसतात. लाजतात.

साहेबांनी फर्मान काढलं. शेल्टर तुडुंब भरलंय. वीस तारखेपर्यंत ज्यांना कुणी घरी नेणार नाही त्यांची रवानगी मागच्या रांगेत. मागच्या रांगेकडे पाहुण्यांना नेत नाहीत. तिथून जनावर बाहेर येतं ते शेवटच्या इंजेक्शननंतरच. ते इंजेक्शन द्यायचं मी.

म्हातारी, फाटक्या कानाची, अंगाला औषधाचा वास. कोण नेणार हिला? मला काय त्याचं. पोटापाण्याचा धंदा आहे, देऊ. आज सुई धरताना अंगठा दुखत होता. थंडीने असेल. थंडी नाहीये, पण असू शकते.

सोमवार, ९ मार्च
एक वयस्कर जोडपं कुत्रा न्यायला आलं. सभ्य माणसं. काकूंना आत्याबाई एकदम पसंत. आत्याबाईंनी काकूंच्या मांडीवर डोकंसुद्धा ठेवलं. मामला जमत आलेला पाहून मी स्वतः बाहेर गेलो. डॉक्टरचा शब्द पडला की लोकांचा विश्वास बसतो. आत्याबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि मायेने म्हणालो, "काही नाही, काही नाही."

आत्याबाई काकूंची चप्पल घेऊन बाकाखाली. तिथून गुरगुर. मग बाकाखालून पाण्याचा ओघळ आला, त्यात काकांचा मोजा भिजला.

जोडप्याने मांजर नेलं.

दादाने फार अदबीने विचारलं की, पुढच्या वेळी पाहुणे आले तर डॉक्टरांनी आतच बसलं तर चालेल का? सल्ला द्यायची हौस प्रत्येकालाच. कारण तर उघड आहे. आत्याबाईंना मला सोडून जायचं नव्हतं.

बुधवार, ११ मार्च
बराच विचार केला. अडचण आहे ती माझ्या अंगाच्या स्पिरिटच्या वासाची. माणूस म्हणून मी त्यांना आवडतोच, नाक आड येतं. उपाय सापडला. उद्या दादाचा शर्ट घालून जायचं.

दादा धुतलेला शर्ट देऊ लागला. मी म्हटलं, न धुतलेलाच हवा. तो माझ्याकडे बघतच राहिला. शास्त्र समजावत बसायला मला वेळ नव्हता.

गुरुवार, १२ मार्च, दुपार
शर्ट घातला. अरे देवा! पाठीला घाम वाळून पुठ्ठा झालेला, खिशात अर्धी बिस्किटं आणि त्यांना लागलेल्या मुंग्या, बाहीवर कुणाचीतरी ओकारी. कुत्र्याची की दादाची, ठरवता येईना. श्वास रोखून पिंजऱ्यात शिरलो आणि पाठ करून बसलो.

आणि आत्याबाई आल्या! शेपटी हलवत आल्या. माझ्या तळहातात नाक खुपसलं. तोच दुखरा अंगठा चाटला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. शर्टाचा उग्र वास, दुसरं काय.

इतका आनंद झाला की तोंडून निघालं, "काही नाही गं, काही नाही."

मनगटाला चावल्या.

यात त्यांची चूक नाही. शर्ट एकाचा, आत माणूस दुसरा, कोणीही गोंधळेल. साहेबांनी पट्टीकडे बघून विचारलं तेव्हा बोक्याने ओरबाडलं असं सांगितलं. चावलेली कुत्री नियमाने त्याच दिवशी मागच्या रांगेत जाते. उगाच कागदपत्रं वाढतात, म्हणून खोटं बोललो.

स्वतःला इंजेक्शन टोचून घेतलं. बरंच दुखतं.

शनिवार, १४ मार्च
बायकोने मनगट पाहिलं. बोक्याची गोष्ट तिने दोन मिनिटं ऐकून घेतली आणि मग खरं सांग म्हणाली. सांगितलं सगळं. शर्टाचं सांगितल्यावर तिला इतकं हसू आलं की गॅस बंद करून खाली बसावं लागलं.

लेक अभ्यास सोडून ऐकत होती. मध्येच म्हणाली की, बाबा काही नाही म्हणाला की काहीतरी असतंच. पायातली काच काढताना तसंच म्हणाला होता. दात पाडायला नेलं तेव्हाही तसंच म्हणाला होता. आत्याबाई हुशार आहे. एवढ्याशा पोरीने बापाच्या पद्धतीवर बोट ठेवावं! मी तिला शांतपणे समजावलं की माझ्या शब्दांनी जनावराला धीर येतो, हा अनुभव आहे. बायकोने पुन्हा गॅस बंद केला.

मग लेकीने विचारलं की, वीस तारखेनंतर आत्याबाईचं काय होणार?

मी म्हटलं, काही नाही.

ती एकदम भोकाड पसरून रडायला लागली. काय केल्या थांबेना. सासूबाई आतून धावत आल्या आणि पोरीला मारलंस का असं मला विचारू लागल्या.

मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं की कुत्रा या घरात येणार नाही, विषय संपला. बायको हो म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं की, आत्याबाई साधारण केवढ्या आहेत, पलंगाखाली मावतील का?

मंगळवार, १७ मार्च
पूर्ण विचाराअंती मी निर्णय घेतला आहे की आत्याबाईंना घरी आणायचं. निर्णय सर्वस्वी माझा. बायकोने तो रविवारीच घेतला होता आणि सासूबाईंनी जुनी गोधडी काढून ठेवली होती, एवढंच.

जीव वगैरे गुंतलेला नाही. घरी डॉक्टर असताना जखमेची देखभाल नीट होईल, इतका साधा हिशेब.

अडचण एकच. शेल्टरचा नियम असा की घरातल्या सगळ्या माणसांनी कुत्र्यासोबत अंगणात अर्धा तास बसायचं. कुत्रं ज्या घरातल्या माणसावर गुरगुरेल त्या घरी ते द्यायचं नाही. हा नियम मीच सुचवला होता. चांगला नियम आहे. उद्या मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. लेकीच्या म्हणण्यात तथ्य आहे म्हणून नव्हे, घसा बसलाय म्हणून.

बुधवार, १८ मार्च
अंगणात सतरंजी टाकली. बायको, लेक, सासूबाई. आत्याबाईंना आणलं. लेकीच्या हातचं बिस्किट खाल्लं. बायकोच्या पदराचा वास घेतला. मग जाऊन सासूबाईंच्या पायावर हनुवटी टेकून आडव्या. मी इतकी वर्षं जावई आहे, पण सासूबाईंचा चेहरा इतका मऊ झालेला पाहिला नव्हता. फाटका कान त्या हलक्या हाताने खाजवत होत्या, त्याच हाताने पुढे चष्मा पुसला. शी.

मग मी आलो. बोलू नये म्हणून दातांत पेन धरलं होतं. बोलायची वेळच आली नाही. दारात पाऊल टाकलं तशी आत्याबाईंच्या पाठीवरचा केस न् केस उभा राहिला. अंगणाच्या त्या टोकापासून गुरगुर. मी एक पाऊल मागे घेतलं. गुरगुर थांबली. पुढे टाकलं. सुरू. साहेब दाढ कोरत बघत होते.

साहेबांनी मान हलवली. म्हणाले, नियम म्हणजे नियम, डॉक्टरांनाच माहीत आहे. लेक माझ्याकडे बघत होती. ती नजर मला नको.

मग साहेबांनी बायकोला विचारलं की, हे घरी किती वेळ असतात? बायको म्हणाली की, झोपण्यापुरते येतात, तेही अंगाला असा वास मारत की आम्ही त्यांना आधी बाथरूममध्येच ढकलतो. साहेब म्हणाले की, मग यांना घरातला माणूस धरायचं की नाही हा प्रश्न आहे.

इथे मी हरकत घ्यायला हवी होती. घर माझं, नियम माझा, कुत्री मी वाचवलेली. मी दातांतलं पेन काढलं आणि मोठ्याने म्हणालो की, नका धरू. मी घरी नसल्यातच जमा आहे. सगळ्या स्टाफसमोर म्हणालो. दादा तोंड फिरवून उभा राहिला.

साहेबांनी सही केली.

अपमान वगैरे मुळीच नाही. डावपेच म्हणतात याला.

शुक्रवार, २० मार्च, संध्याकाळ, जिन्यात
आज मागच्या रांगेत तिघं गेली. त्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलंय. हात चार वेळा धुतले.

आत्याबाई कालपासून घरी आहेत. जखम झकास भरतेय, असं मला सांगण्यात आलं. मी बेल वाजवली की त्या दाराशी येऊन आकांत मांडतात. बायको आतून म्हणाली की, त्यांचा डोळा लागला की दार उघडते, जरा टेक. आतापर्यंत दोनदा उघडलं. दोन्ही वेळा त्या जाग्या होत्या.

सासूबाईंनी दार फटीएवढं उघडून ताट बाहेर सरकवलं आणि चटकन लावून घेतलं. दादा पिंजऱ्याखालून भांडी सरकवतो तसं. जेवलो. पायरीवर आधी कुणीतरी थुंकलेलं होतं, त्याच्याकडे पाठ केली. वरच्या मजल्यावरचे शेजारी जाता जाता थांबले, किल्ली हरवली का म्हणून विचारलं. हो म्हटलं.

आतून लेकीचं हसणं ऐकू येतंय. कधीपासून हसतेय. सासूबाईही हसतायत. आणि फरशीवर काहीतरी थपथप आपटतंय, ती शेपटी असावी.

सवयीचा प्रश्न आहे. मुळात आत्याबाईंना मी आवडतो, फक्त त्यांना वेळ हवाय. उद्यापासून रोज एक पायरी वर सरकायचं. बायकोला सांगून जिन्यात एक उशी ठेवून घ्यायची.