वडाच्या झाडीतलं ऊन

आबा, तुम्ही ट्रक सोडलात तो माझ्या दुखण्यामुळे, हे मी तुमच्यासमोर कधी बोलले नाही. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला डोळे मिटावे लागतात. तरी आज लिहायला बसले आहे, कारण घरात एक गोष्ट घडली आहे आणि ती तुमच्याखेरीज कुणापाशी बोलावीशी वाटत नाही.

त्या उन्हाळ्यात मी सातवीची परीक्षा दिली होती. फौजेत गाड्या चालवून तुम्ही गावी आलात आणि कोरेगावच्या एका शेठजींच्या ट्रकवर बसलात. घेवडा, बटाटा भरून सांगलीच्या बाजारात न्यायचा, येताना हळद आणायची. मला मामाकडे सोडायचं म्हणून त्या दिवशी केबिनमध्ये शेजारी घेतलंत. कराड मागे पडलं, दिवस कलला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वड, आणि त्यांच्या खोडांमधून ऊन तोंडावर येतं आहे, जातं आहे, परत येतं आहे. मला गंमत वाटली, मी बघत राहिले. त्यानंतरचं आठवतं ते थेट रस्त्याकडेच्या गवतावरचं. तोंडात रक्ताची चव, नाकाशी कुणीतरी धरलेली चप्पल आणि भोवती माणसं. एक म्हातारा सांगत होता, "झाडावरचं कायतरी हाय. उतारा टाका पोरीवरनं." तुम्ही ती चप्पल बाजूला सारलीत, मला उचललंत आणि म्हणालात, "डाक्टरला दावतो."

मामानं मिरजेच्या एका डॉक्टरांकडे नेलं. पडदे ओढलेली खोली, खाट, डोक्याला चिकट लेपानं डकवायच्या तारा, मेंदूचा आलेख कागदावर खरडत जाणाऱ्या लेखण्यांची रांग, आणि खाटेवर वाकून उभा असलेला एक गोल दिवा. डॉक्टर समजावून सांगत होते, "हा दिवा उघडझाप करेल. आधी सावकाश, मग भरभर. काही जणांचा मेंदू अशा उजेडानं बिथरतो. झाडांतून येणाऱ्या उन्हानंही तेच होतं. हिचं तसं आहे का, ते बघू." मी खाटेवरून उतरले, भिंतीला पाठ लावून रडायला लागले. परत तसं होईल, परत मी कुठेतरी जाईन आणि मला कळणारही नाही, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही टोपी काढून मामाकडे दिलीत. "डाक्टर, आदी मला लावा तारा. बघू दे तिला काय हुतंय ते. मग झोपंल ती." डॉक्टर हसले, पण त्यांनी तुमचं ऐकलं.

तुम्ही खाटेवर पडला आहात, डोक्यावर तारांचं जाळं, आणि मला हसू यावं म्हणून मिशी वाकडी करता आहात. दिवा लुकलुकायला लागतो. सावकाश असतो तोवर तुमचं हसू तसंच आहे. मग त्याचा वेग वाढतो. तुमच्या खांद्याला एक हिसका बसतो, मग दोन्ही हातांना, आणि लेखण्या कागदावर एकदम उंच उड्या मारतात. डॉक्टरांनी लगेच दिवा बंद केला. मग त्यांनी विचारलं, "गाडीवर असताना असं कधी झालंय?" तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "सांजच्याला झाडीतनं जाताना हाताला हिसका बसतुया. पळभर डोळ्याम्होरं कोरं हुतं. मला वाटायचं, झोप आली."

"ती झोप नव्हे," डॉक्टर म्हणाले. "मी कुणाला कळवायला जाणार नाही. पण तुम्ही गाडीवर बसू नये."

घरी आईनं चुलीपुढं बसून सगळं ऐकलं. "आवं, कुणाला कळतंय? सांजचं चालवू नका, म्हंजी झालं."

"सकाळलाबी ऊन असतंय की," तुम्ही म्हणालात. "आन् झाडाखालनं माणसं चालत्यात."

दुसऱ्या दिवशी तुम्ही शेठजींना स्वतःच जाऊन सांगितलंत. त्यांनी तुम्हाला वखारीच्या राखणीला ठेवलं. पुढे एकदा मसाला कुटताना आई मला म्हणाली, "तुझ्या दुखण्यानं बापाची गाडी गेली." तुम्ही ओसरीवर होतात. आत येऊन तिला सांगितलंत, "तिच्यानं गाडी गेली न्हाई. कुनाला तरी चिरडायचा वाचलो." ते खरं होतं, मला तेव्हाही कळत होतं. पण मी वखारीत डबा घेऊन यायची आणि बघायची. फाटकाशी ट्रक वळायला लागला की स्टुलावर बसल्या बसल्या तुमचा डावा पाय जमिनीवर क्लच दाबायचा. मी गप्प डबा ठेवून परत फिरायची. मी त्या दिवशी हट्ट केला नसता, मुकाट्यानं त्या खाटेवर झोपले असते, तर तुमचा हिसका तुमच्यापाशीच राहिला असता. तुम्ही गोळ्या आणून मला बरं केलंत, शिकवलंत, लग्नात फेटा बांधून मिरवलात. त्या साऱ्यात मला तुमचा तो पाय दिसत राहिला.

आता जे घडलं ते सांगते. तुमचा नातू इथे साताऱ्यात माझ्याजवळ असतो. आपल्या जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूला कारखान्यात कामाला आहे, रोज मोटारीतून आणखी तिघांना घेऊन जातो. यंदा गणपतीत आम्ही चौकातल्या मांडवापुढे उभे होतो. ते भगभगणारे दिवे लावतात ना आता, तसले. त्याच्या हाताला हिसका बसला आणि प्रसादाचा द्रोण खाली पडला. एकदा नाही, दुसरा द्रोण घेतला तोही.

"झोप झाली नाही गं आई," तो म्हणाला.

मी म्हणाले, "होय रे, जागरण फार होतंय तुझं."

आबा, तुम्हाला ठरवायला एक रात्र पुरली. गणपती कधीच बुडाले, आणि मी अजून सकाळी त्याचा डबा भरते, मोटार वळेपर्यंत दारात उभी राहते, संध्याकाळी ती परत दिसली की आत जाते. त्याला नोकरी सोडावी लागेल, तो माझ्याकडे तुमच्यासारखा शांत बघेल, याचं मला भय वाटतं. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून लिहिणं सोपं गेलं. ज्याला सांगायला हवं तो आत्ता पलीकडच्या खोलीत मोटारीची किल्ली शोधतो आहे. दोनदा मला हाक मारून झाली. किल्ली या कागदाखाली आहे.