वा म्हणजे जा

देवळात सगळ्यांदेखत थोबाडीत मारायला नको होती. घरी आणून मारलं असतंत तर मी विसरले असते, तुमच्या हातचा मार मला काही नवा नव्हता, आबा. तुम्ही नगारखान्यात सनई वाजवत होता. मी आठ वर्षांची, खाली पायरीवर बसलेली, आणि एका लांब सुरावर माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. एवढंच. तुम्ही सनई खाली ठेवलीत, जिना उतरून आलात, चपराक दिलीत आणि परत वर जाऊन पुढं वाजवायला लागलात. घरी म्हणालात, "पोरीच्या जातीनं दाद द्यायची नसते. देवापुढं तर नाहीच नाही." चौथीपर्यंत शाळेत जे शिकले ते सगळं विसरले, हे मात्र पाठ राहिलं.

आता मी वॉटफर्डला असते. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तुम्हाला कुठलं वॉटफर्ड ठाऊक असायला. यांच्या हॉस्पिटलच्या नोकरीपायी विलायतेला आलो, हे गेले, मी राहिले. सहा महिने अंधार आणि उरलेले सहा महिने ओल, असा हा मुलूख. मुलगी इथं शिकली आणि कामाला इटलीत गेली. तिच्या बाळंतपणाला म्हणून मी गेले ती दोन वर्षं तिथंच राहिले. बर्लिनची भिंत पडली ती मी तिच्या स्वयंपाकघरात टीव्हीवर पाहिली, नातीला पायांवर घेऊन तेल चोळता चोळता.

डोंगरावरचं दगडी गाव. त्या लोकांना सणाला निमित्त लागत नाही. चेस्टनट पिकले की जत्रा, नवी दारू पिंपातून काढली की जत्रा, गावच्या संताचा दिवस आला की मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक आणि पुढं बँड. उन्हाळ्यात एका सणाला अख्खा रस्ता फुलांच्या पाकळ्यांनी रंगवतात. मीही बायकांत गुडघे टेकून बसले. भाषा येत नव्हती, पण रेघ कुणाची सरळ आणि कुणाची वाकडी हे सांगायला भाषा कशाला लागते. दुपारी मिरवणुकीतला पाद्री आला आणि सरळ त्यावरून चालत गेला. मी शेजारणीला म्हटलं, "अगं, रांगोळीवर पाय देतोय मेला!" ती अशी मान डोलावते की जणू मी तिला आशीर्वादच दिला.

शनिवारी चौकात बँड वाजायचा. त्यात एक म्हातारा चांभार क्लॅरिनेट वाजवायचा. आबा, त्याचा दम तुमच्यापेक्षा लांब होता. राग आला तर येऊ दे, लांब होता. एका संध्याकाळी तो एकटाच वाजवत होता, मी पुढच्या खुर्चीत, आणि साठीच्या बाईच्या तोंडून "वा!" निघून गेलं. त्यानं वळून पाहिलं. मला वाटलं, कळलं याला. मग हात उडवून मोठ्यानं म्हटलं, "वा! वा!" तो थांबला. वाद्य पेटीत घातलं आणि चालू लागला. मुलगी ओरडली, "आई, काय करतेस! इथं वा म्हणजे जा! तू त्याला सगळ्यांसमोर जा, जा म्हणाला!" तिचं मराठी असंच, आईला 'म्हणाला' म्हणते. धावत जाऊन तिनं त्याला गल्लीतून परत आणलं, समजावलं. म्हातारा पोट धरून हसला. पुढं दर शनिवारी वाजवून झालं की माझ्याकडं वळून तोच विचारायचा, "वा, वा?" आणि मी भर चौकात म्हणायची, "वा! वा!" कुणी मारायला आलं नाही.

मुलीचं काम म्हणजे तिथल्या चर्चांतली जुनी चित्रं साफ करणं. भिंतीवरची, शेकडो वर्षांची, मेणबत्त्यांच्या धुरानं काळी पडलेली. काडीला कापूस गुंडाळून ओला करायचा आणि दिवसभरात तळहाताएवढी जागा पुसायची. मी म्हणायची, "एवढं शिकलीस ती लोकांच्या भिंती पुसायला." ती हसण्यावारी न्यायची. दीड वर्षानं एक चित्र पुरं झालं. परांची उतरवली, गाव लोटलं, दारात बँड. ती मला हाताला धरून पुढं नेते. वर निळा रंग, आणि मांडीवर पोर घेऊन बसलेली बाई, त्या पोराच्या पायाची नखंसुद्धा दिसतायत. मुलगी चित्राकडं बघतच नाही, माझ्या तोंडाकडं बघत उभी आहे. आणि मी म्हणते, "तो खालचा कोपरा राहिला वाटतं."

घरी भांडी घासताना ती पाठमोरीच म्हणाली, "त्या क्लॅरिनेटवाल्याला वा म्हणतेस. परक्या माणसाला. मला कधी नाही म्हटला, आई. एकदा पण नाही." मी म्हटलं, "पोटच्या पोरांचं तोंडावर कौतुक करू नये, दृष्ट लागते." ती म्हणाली, "मग जा." मराठीतच म्हणाली, आणि त्यात काही चुकलं नव्हतं. आठवड्याच्या आत मी वॉटफर्डला परत. चार वर्षं झाली. फोन नाही. ख्रिसमसला नातीचा फोटो येतो, मागं फक्त तिचं वय लिहिलेलं.

काल तिला पत्र टाकलं. चारच ओळी, मोठ्या अक्षरांत, तिला वाचता याव्यात म्हणून. हे तुमचं टाकायचं नाही, ड्रॉवरमध्येच राहील. तिला लिहिलं ते तुम्हालाही सांगून ठेवते. कोपरा राहिला नव्हता. लख्ख होता. तोंडाशी आलेलं "वा" गिळायचं होतं, म्हणून जिभेवर येईल ते बोलले. तुमचं नाव मी त्यात घातलं नाही, जीभ माझीच होती. आता उत्तर द्यायचं ते तिनं द्यायचं. तुम्ही मधे पडायचं नाही, स्वप्नातसुद्धा नाही.