नऊशे साठचं चौथं रीडिंग

रविवार, ९ तारीख. संध्याकाळ.

संदीप आज नऊच्या बसने नांदेडला चालला आहे, कायमचा. कंपनीने त्याचं कंत्राट वाढवलं नाही. चाकणच्या या खोलीतला कॉम्प्युटर आम्हा दोघांचा. त्यात जुनी ग्राफिक्स कार्डं दोन, म्हणून एकेक वाटून घ्यायचं ठरलं. "कोणतं चांगलं ते तूच मोज, भावा. माझ्याच्यानं नाही व्हायचं," म्हणाला.

७५० नंबरच्या कार्डाला दोन जीबी मेमरी, वेगळी वायर लागत नाही. ९६० ला चार जीबी, वायर लागते, पण रेसचा गेम त्यावर कितीतरी सरळ चालतो. चांगलं त्याला द्यायचं, हे मी आधीच ठरवलं होतं. पण गेम लावून मोजलं तर ९६० चौऱ्याऐंशी डिग्रीपर्यंत तापलं. असं कार्ड त्याला कसं देऊ?

मग दिसलं, छताचा पंखा बंद होता. बॅग भरताना कागद उडतात म्हणून त्यानेच बंद केलेला. म्हटलं, रीडिंग परत घ्यावं लागेल.

"इन्स्पेक्टर साहेब, लोक निरोप देतात, तुम्ही रिपोर्ट देताय!" त्याने पंखा लावला आणि बॅगेवरच बसून खेळायला लागला.

एकाहत्तर. बहात्तर. एकाहत्तर. कार्ड चांगलं आहे.

बरं वाटायला हवं होतं का? काहीच वाटलं नाही. पंखा फिरत होता, तेवढंच. "अजून एक घेऊ," म्हणालो.

कंपनीत आमच्या तपासणी खात्यात तीनच रीडिंग घेतात. दोन वर्षं एकाच टेबलावर तपासणी केली आहे, त्यालाही ते माहीत आहे. त्याने गेम पुन्हा पहिल्यापासून लावला.

अजून खेळतोय. मी आकडा बघितलेला नाही.