नाकातलं वजन

४ नोव्हेंबर
कोपरीत बिऱ्हाड लागलं. तिसरा मजला, दोन खोल्या, सकाळभर ऊन. उभं आयुष्य देवदेवस्कीविरुद्ध घसा फोडण्यात गेलं. आता त्या घशालाच डॉक्टरांनी महिनाभर सुट्टी दिली आहे. महिनाअखेरीस डोंबिवलीत व्याख्यान आहे. तोवर आवाज परत यायला हवा. त्याखेरीज माझ्याकडे आहे काय?
लेक नीरजाने येताना एक खोकं हातात ठेवलं. म्हणाली, बाबा, हात गुंतले की तोंड आपोआप मिटेल. आत सी हॉकचं मॉडेल. महायुद्धानंतरचं ब्रिटिश नौदलाचं जेट, पुढे आपल्या विक्रांतवरून उडालेलं. पंखांची लांबी वीतभर. प्लॅस्टिकच्या चौकटीतून सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे. पोरासारखा आनंद झाला.

७ नोव्हेंबर
वैमानिक रंगवून खुर्चीत बसवला. विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग जोडण्याआधी नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर विमान शेपटीवर बसतं, सर्कशीतल्या हत्तीसारखं. नीरजा फोनवर म्हणाली, मासे धरायच्या गळाला लावतात ते शिसं आणा. शिसं कुठलं आणू?
ओट्याच्या वरच्या कोनाड्यात हात घातला तर चांदीचा टाक निघाला. घोड्यावर बसलेला वीर. अकाली, लग्नाआधी गेलेल्या माणसाला असा देवात बसवतात. घरमालकीण प्रमोदिनीबाई डोंबिवलीला मुलाकडे राहायला गेल्या, तेव्हा सामानातून राहिला असावा. मेलेल्यांपुढे वाटीभर पाणी ठेवणारा समाज जिवंतांना तहानलेला ठेवतो, असं मी शेकडो सभांत बजावलं आहे. बोलणं सोपं असतं. आज केलं. टाक पकडीने दुमडला आणि नाकात दाबून बसवला. बाईंना बदल्यात चांदी देईन. दोन्ही भाग जोडले. विमान तिन्ही चाकांवर ताठ उभं राहिलं.

१० नोव्हेंबर
रंग झाला. वर समुद्री करडा, पोटाला फिकट हिरवट. वैमानिकावर काच बसवून कडेने गोंद फिरवला.
जेवून आलो तर काच आतून धुरकटलेली. गोंदाच्या वाफेने असं होतं. त्यात गूढ काही नाही.

१२ नोव्हेंबर
प्रमोदिनीबाई आल्या. टाक शोधायला. टेबलावरचं विमान पाहिलं आणि खुर्चीचा हात धरून खाली बसल्या. मधुभाऊजी, त्यांचे धाकटे दीर, नौदलात हेच विमान उडवायचे. एकदा जहाजावर उतरताना समुद्रात पडले. पाणी चढत होतं, काच सरकत नव्हती. ते आतून काचेवर मुठी मारताना जहाजावरच्यांनी पाहिलं. देह मिळाला नाही.
मी खरं ते सांगितलं. टाक कुठे आहे, का आहे, आणि तो का काढणार नाही. हलक्या आवाजात, पण पूर्ण व्याख्यान दिलं. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, सर, देव म्हणून नका देऊ, माझा दीर म्हणून द्या. तुम्ही त्यांना परत त्याच विमानात कोंडलंत हो.
मी नाही म्हणालो. आज एक टाक काढला, तर उद्या कुठल्या तोंडाने बोलू?
जाताना त्यांनी विमानापुढे वाटीभर पाणी ठेवलं. मी ते बेसिनमध्ये ओतलं.

१३ नोव्हेंबर
दुपारी टकटक. दाराशी कुणी नव्हतं. आवाज टेबलावरून येत होता.
प्लॅस्टिक उन्हाने फुगतं, त्याचा आवाज होतो. मी विमान सावलीत ठेवलं.
टकटक थांबली नाही.

१४ नोव्हेंबर
काचेवरची वाफ आतून पुसलेली आहे. एवढीशी, तांदळाच्या दाण्याएवढी जागा. तिच्यातून वैमानिक दिसतो. मी त्याचं तोंड समोर ठेवून बसवलं होतं. आता ते माझ्याकडे आहे.
विमान उचललं. जड. आत पाणी डुचमळतं.

१५ नोव्हेंबर
नीरजाचा फोन. बाबा, बादलीत तोंड घालून बोलताय का, म्हणून हसली. मी बोललो, पुन्हा बोललो. तिचं हसणं थांबलं. म्हणाली, तुम्ही बुडबुड्यांसारखं काय बोलताय.
तोंडात मीठ. चूळ भरली की जास्तच. श्वास अर्ध्यावर अडतो.
माझ्या आवाजासाठी मी त्याला आत ठेवला. आवाज तर —

१६ नोव्हेंबर
हरलो. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही. बाईंना फोन केला. कसंबसं कळलं त्यांना. उद्या सकाळी येते म्हणाल्या. तोवर काच तरी उघडा, त्यांना हवा लागू दे.
काचेच्या कडेला कटरचं पातं लावलं. मोडलं. दुसरं मोडलं. आतून टकटक, जलद —
सॉरी म्हणालो. प्लॅस्टिकच्या खेळण्याला. मी.

१७ नोव्हेंबर
सकाळ. काच आपोआप सुटून टेबलावर पडलेली. विमानातली खुर्ची रिकामी.
टेबलावरून जमिनीवर पाणी. ओली पावलं. माणसाएवढी. माझ्या खुर्चीपर्यंत, आणि मागे —
उठता येत नाही. खांद्यांवरून पट्टे येताहेत. मागून कुणीतरी आवळतंय. सावकाश, लहान मुलाला बांधावं तसं —
हात तेवढा मोकळा — डोक्यावर काच सरकून बसली —
बेल वाजली. बाई आल्या. ओरडलो, नुसते बुडबुडे —
दार उघडलं कुणीतरी. मी नाही. बाई रडताहेत, हसताहेत, भाऊजी म्हणताहेत —
बाई, इकडे. टेबलावर बघा. मी काचेवर मारतोय, बाई, मी इथे आत —