भिंतीजवळचा तडा

धाड, २ फेब्रुवारी १९६३
नव्या खोलीच्या बीमला तडा. भिंतीपाशी निघून तिरपा वर गेलाय. जुनं माळवद पाडून वसंताने परमिटचं सिमेंट आणलं, सळया आणल्या, आणि हे असं. विचारलं तर म्हणतो, "बाबा, पिलस्तर तडकलं. काऊन एवढे घाबरून राह्यले?"
कुसुम बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिची बाज नेमकी त्या तड्याखाली.

३ फेब्रु.
बीमच्या मधोमध सागाचा टेकू ठोकला. ही ओरडली, "बाळंतिणीच्या खोलीत खांब काय रोवता!" ठोकला.

४ फेब्रु.
कुसुम सुटली. नातू. दोघं बरी. आधी तडा पाहिला, मग नातवाचं तोंड.

७ फेब्रु.
रस्त्याच्या कामावरच्या ओवरसियरना हात जोडून आणलं. टेकू पाहून हसले. "आजोबा, हा मधोमध कशाला? बीम मध्ये वाकत नाही, भिंतीजवळ कातरला जातोय." मग बीम ओतणाऱ्या करीम मिस्त्रीला त्यांनी विचारलं, भिंतीजवळ सळयांना आवळणाऱ्या रिंगा दाट का नाहीत?
करीम मान खाली घालून म्हणाला, "वसंताभाऊ बोलले, वजन मधात येते, रिंगा मधात घे. मलेही पटलं साहेब. तुळई मधातच वाकते ना."
तुळई! हे काय लाकूड आहे? माझा टेकूही तसलाच, म्हणून आणखी संताप. पण सिमेंटला हात घालण्याआधी वसंताला कोणाला विचारता येत नव्हतं?
ओवरसियरनी तड्यावर सिमेंटचा ठिपका लावला. म्हणाले, हा फुटला तर तडा वाढतो आहे, खोलीत कोणी थांबू नका. तोवर टेकू तड्याखाली.

८ फेब्रु.
बाज सरकवली तर टेकू बसेल. ही म्हणते, बारशापर्यंत बाळंतिणीची बाज हलवत नाहीत. "तुमचं सिमेंट कालचं. आमची रीत कालची नाही." कडाक्याचं भांडलो. कुसुम रडली. शेवटी तिच्या उशाशी कसाबसा घुसवला. ठिपका शाबूत.

१४ फेब्रु.
बाजारातून आलो तर खोली पांढरी फेक. वसंताने बारशासाठी चुना मारला. तडा, ठिपका, सगळं चुन्याखाली. टेकू बाहेर पडलेला, पाहुण्या बायकांना अडचण होते म्हणे.
"आता दिसते का कुठं तडा?" वर हसतो.
नालायक. दिसत होता तोवर पाहता तरी येत होतं. बोट फिरवलं. काही कळत नाही.
पाळण्याची कडीही त्याच बीमला.

१५ फेब्रु.
पाळणा कडीवरून सोडवला. अंगणातल्या निंबाला बांधला. वसंता दात खाऊन, "पाव्हण्यांसमोर शोभा करून राह्यले बाबा!"
"होऊ दे. कुसुम, त्याले घेऊन भाइर ये."
ही म्हणाली, "तेराव्यासारखं अंगणात बसवता का बारशाले?" बायकांनी मला वेड्यात काढलं. कुसुम एकदा वर बघते, एकदा आईकडे.
रिकाम्या पाळण्याची दोरी गुडघ्याला गुंडाळून लिहितो आहे. आत बीमखाली बायका दाटल्या आहेत. पुन्हा हाक मारली. बाळ रडतंय, आवाज आतूनच येतोय.