भिजवलेली लाखोळी

कामठा,
दि. १७ नोव्हेंबर २०२४

चि. स्वप्निल यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. आईला नमस्कार, सौ. नूतनला आशीर्वाद. इकडे सासरी मी आणि मामाजी बरे आहोत.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "मंग कवा येतेस ताई?" विचारतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. भाऊबीजेला आले नाही, तेही त्याच प्रश्नाला भिऊन.

आधी चांगली बातमी. सडक अर्जुनीच्या गॅरेजमध्ये ट्रकची कामं बाजूला सारून तू माझ्यासाठी केलेलं पेरणीयंत्र चालतं. सायकलचं चाक धानाच्या दोन ओळींतून बरोबर जातं. रोवणीला धान सरळ ओळीत लागावं म्हणून मी दोरी धरायला लावली तेव्हा बाया हसत होत्या, त्याच आता यंत्र मागायला येतात.

पण पहिल्या दिवशी फजिती झाली. कापणीआधी उभ्या धानात लाखोळीचं कडधान्य टाकायचं तर ते आदल्या दिवशी भिजवायचं, ही आपली रीत. मी लाखोळी भिजवूनच यंत्राच्या पेटीत भरली. दाणे फुगलेले, नळ्या गच्च. ढकलून ढकलून घाम आला, खाली एक दाणा पडेना. धुऱ्यावर बसलेले मामाजी हसायला लागले.

"काऊन हासून राहिले?" मी चिडून विचारलं.

तुला ठाऊक आहे, आमच्याकडे बियाण्याची मूठ घरच्या पुरुषाची. तुझे भाऊजी गेले तेव्हापासून त्यांचे वडील म्हणून मामाजीच फेकत. उन्हाळ्यात त्यांचा उजवा हात लुळा पडला. "बायकायनं मूठ नाई धरत," म्हणाले आणि शेजारच्या चंद्रकुमारशी जमीन ठेक्यानं द्यायची बोलणी सुरू केली. जमीन गेल्यावर मी या घरात कोण म्हणून राहायचं, हे कोणी विचारलं नाही. यंत्राला हात लावू दिला, तोही त्यात मूठ नसते म्हणून.

तर त्या दिवशी टोपलीभर भिजलेली लाखोळी तशीच पडलेली. दुसऱ्या दिवशी वास मारला असता. मामाजी काठी टेकत टोपलीपाशी आले. मग डाव्या हातानं मूठ भरून माझ्या ओंजळीत टाकली.

"सडू देशीन का? फेक तूच."

मी फेकली. रडत रडत फेकली, म्हणून कुठे दाट पडली, कुठे विरळ. दुसऱ्या दिवशी कोरडं बी भरलं आणि यंत्र सुरळीत चाललं.

धान कापून झालं. धसकटांत लाखोळी बोटभर वर आली आहे. यंत्राची सरळ ओळीत, माझ्या हातची वेडीवाकडी. मामाजी सकाळी काठी टेकत जातात ते वेडीवाकडीच बघायला. परवा चंद्रकुमार आला, तर त्याला अंगणातूनच सांगितलं, "जमीन बाई करून राहिली."

बाबू, तू मला किती दिलंस ते तुला कळायचं नाही. यंत्र चाललं त्याचे उपकार आहेत, अडलं त्याचे जास्त.

आणि ज्यासाठी लिहायला बसले ते आता लिहिते. मी कायमची माहेरी येईन म्हणून तू मागच्या अंगणात माझ्यासाठी खोली बांधलीस, दोन वर्षं कुलूप लावून ठेवलीस. तुझी माया मला कळते. तिथे आता नूतनचं शिलाई मशीन लाव. मी येईन, आईच्या हातचं खाईन आणि आईजवळच झोपेन. लाखोळीची पालेभाजी खुडायला आली की पहिली पिशवी तुझ्या घरी घेऊन येते.

परतीच्या गाडीत तूच बसवून दे.

तुझी ताई,
चेतना
घर आणि शेत, दोन्ही कामठ्याला