भाकरी थापताना ऐकलेले धडे

आबा, वहिनी परवा जे बोलली ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि ऐकायला तुम्ही नाहीत. मी तिसरीतून उठलेली, लिहायला वेळ लागतो, चुलीवर भात आहे, म्हणून वळणं घेत बसत नाही. मी वहिनीवर जळते. ती घरात आली त्या दिवसापासून नाही. तुम्ही तुमचा पाट उचलून तिच्यासमोर टाकलात त्या दिवसापासून.

पुण्याच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून तुमची बोटं काळी झाली होती. मालकानं नवं यंत्र घेतलं, जुनं तुम्हाला दिलं, आणि तुम्ही ते बैलगाडीत घालून पौडाच्या रस्त्यानं गावी आणलंत. यंत्र गोठ्यात आणि बैल बाहेर, म्हणून चुलते किती दिवस बोलत नव्हते. घरबसल्या इंग्रजी शिकवायचे धडे छापणार म्हणालात तेव्हा गाव हसलं. "ह्याला सोताला कितीसं येतंय?" जे दुसऱ्यांची पुस्तकं जुळवता जुळवता आलं होतं तेवढंच तुम्हाला येत होतं, पण ते सोपं करून सांगायचं वेड होतं. गावात वीज नव्हती, दादा पायानं यंत्र हाणायचा, मी कागद दुमडून दाभणानं शिवायची. नव्या पैशांची तिकिटं तेव्हा नुकतीच निघाली होती, ती चिकटवायचं कामही माझंच. एक धडा टपालानं जायचा, शिकणाऱ्याची उत्तरं यायची, मग पुढचा. कुठला मिलमधला जॉबर, कुठला पलटणीतला शिपाई, त्यांना तुम्ही लाल शाईनं 'शाबास' लिहायचात. मी ते पाकिटात घालायची.

पण त्या सगळ्यांच्या आधी धडा माझा असायचा. आई गेल्यापासून चूल माझ्याकडे होती. संध्याकाळी मी भाकऱ्या थापायला बसले की तुम्ही पाट घेऊन समोर बसायचात आणि नवा धडा मोठ्यानं वाचायचात. माझ्या तोंडाकडे बघायचा नाहीत, हाताकडे बघायचात. जिथं कळायचं नाही तिथं माझा हात भाकरीवर थांबायचा, आणि तुम्ही कागदावर फुली मारायचात. दुसऱ्या दिवशी ती जागा सोपी होऊन यायची. दादा हसायचा, "आबा, तिला काय इचारताय? तिला पीठ कळतंय." तुम्ही म्हणालात, "त्वांड खोटं बोलतं, हात न्हाई. हिचा हात चालला की सातारा-सोलापुरात समद्यांचा चालंल." हे वाक्य मी सासरीसुद्धा पुरवून पुरवून खाल्लं आहे.

आणि मग तो दिवस. तुम्ही वाचताय, कुत्रा विहिरीजवळ बसला आहे, आता हे इंग्रजीत. तुम्ही श्वास घेताय तेवढ्यात मी म्हणते, द डॉग इज सिटिंग निअर द वेल. तव्यावरची भाकरी फुगलेली, माझी मान वर. मला वाटलं आता लाल शाई निघेल. तुम्ही कागदाची घडी घातलीत. "संपलं. तुला कळाय लागलं. आता तू माझ्या उपेगाची न्हाईस." दुसऱ्या दिवशी चुलीपुढं वहिनी. रिहे गावातून नवी आलेली, शाळेचं दार न बघितलेली. तिचा हात वाक्यावाक्याला थांबत होता आणि तुम्ही खूश होऊन फुल्या मारत होतात. मी मागं बसून तांदूळ निवडत होते. एकदा ती माहेरी गेली तेव्हा मला बसवलंत. मी मुद्दाम सोप्या सोप्या शब्दाला हात थांबवला. तुम्ही वरही न बघता म्हणालात, "सोंग नगं करू, पोरी."

इथवर मी गिळलं असतं. पण पावसाळा संपायच्या आत तुम्ही ओसरीवर सांगत सुटलात, "सून लई हुशार निघाली. पोरीला येवढा वेळ लागला, सुनंचा हात आताच थांबंना." कोर्स संपवणाऱ्याला तुम्ही नक्षीच्या चौकटीचा दाखला छापून पाठवायचात. तसा एक तिच्या नावाचा छापलात आणि मधल्या घरात भिंतीला लावलात, तिचे वडील आले की त्यांना दिसावा म्हणून. मी म्हटलं, मला? तुम्ही म्हणालात, "तू जानार परघरी." त्याच वर्षी मला भुकूमला दिलंत. वहिनीला मात्र उठवलं नाहीत, शेवटचे धडे तिच्यासमोर वाचलेत आणि एकही फुली न मारता छापलेत. पुढं त्या धड्यांची उत्तरं टपालानं येईनाशी झाली. लोकांना दम राहिला नाही, असं तुम्ही मरेपर्यंत म्हणत होतात. तुमच्यामागं दादानं यंत्र मोडीत घातलं.

परवा माहेरी गेले होते. दाखला अजून भिंतीला आहे, कागद पिवळा पडलाय. माझी नजर गेली हे वहिनीनं बघितलं. म्हणाली, "वन्सं, एवढ्या वर्सांत कुनाला बोलले न्हाई. मला कुटं काय कळत हुतं? हात थांबला की भाकर जाड व्हायची, न्हाईतर तव्यावरची करपायची. तुमचे दादा ताट सरकवायचे. मग मी थांबायचंच सोडलं. मामंजी म्हनले, सून हुशार."

"मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"कसं सांगू? तवर त्यांनी दाखल्यासाटी खिळा ठोकला हुता. तुमीच घिऊन जावा त्यो. तुमचाच हाय."

मला हसू आलं, आबा, आणि खरं सांगते, आनंदही झाला. तुमचे शेवटचे धडे का बुडाले ते घरात मला एकटीला कळलं. मी बसले असते तर त्या अवघड जागांवर माझा हात थांबला असता, खरोखरचा थांबला असता. तेवढं अवघड मला कुठं येत होतं? एक कुत्रा आणि एक विहीर आली, तर तुम्ही मला उठवलंत. दाखला मी आणला नाही. त्यावर नाव तिचं आहे.

घरी येताना एस.टी.त वाटलं, आता जळणं संपेल. नाही संपलं. ती अडाणीच राहिली तरी तुमचा पाट तिच्यासमोर होता.

हे कुठल्या पोस्टात टाकू? घडी करून ठेवून देते. एक राहिलं. माझी धाकटी लेक आता इंग्रजी शिकते, मी भाकरी थापत असले की समोर बसून धडा मोठ्यानं वाचते. मला बरंचसं कळतं. तरी मधूनच मी हात थांबवते. ती वर बघत नाही, वाचत पुढं जाते.